कमाटीबाग: नुसत्या टॉय ट्रेनमध्ये बसून परत येऊ नका

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की आम्हा बडोदेकरांना कमाटीबाग दाखवावीच लागते, पण एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर पाय गळ्यात येतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. बोर्डावर सयाजीबाग असलं तरी रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा, स्टेशनपासून जवळच आहे, काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा, त्याच्यापाशी उतरायचं.

1879 ची सयाजीराव महाराजांची बाग, शंभराच्या वर एकर. मधून विश्वामित्री नदी जाते आणि तिच्यात खरोखरच्या मगरी आहेत हं, पुलावर घोळका दिसला की समजायचं एखादी वर आलीये.

रविवारी संध्याकाळी शक्यतो नकोच. अख्खं बडोदं तिथे असतं, टॉय ट्रेनला लाईन, फुगेवाले, आणि मोबाईल स्पीकरवर लावून रील बघणारे लोक, त्यांना काय म्हणावं! मधल्या वारी सकाळी जा. झाडांखाली आजोबा मंडळींचे ग्रुप बसलेले असतात, एकाच वाक्यात मराठी-गुजराती दोन्ही, ते ऐकायलाच मजा येते. प्राणीसंग्रहालय, प्लॅनेटेरियम मुलांसाठी छान. फुलांचं घड्याळ खरंच चालतं, मशीन जमिनीखाली आहे त्यामुळे दिसत नाही.

पण माझं म्हणणं असं की बागेतलं म्युझियम सोडू नका, बरेचजण बाहेरूनच फोटो काढून निघतात. 1894 ची इमारत. आत मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या ब्लू व्हेलचा अख्खा सांगाडा आहे, मुलं त्याच्याखालून हलतच नाहीत, इजिप्तची ममी पण आहे. मला मात्र सगळ्यात आवडतात त्या अकोट्याच्या जैन ब्रॉन्झ मूर्ती, पाचव्या शतकापासूनच्या, आणि हे अकोटा म्हणजे आपलं बडोद्यातलंच, जिथून आपण रोज स्कूटर काढतो ते, त्या मातीत हे सापडलं म्हणजे कमालच ना. शेजारच्या पिक्चर गॅलरीची इमारत 1914 ला तयार होती पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं वेळेवर आलीच नाहीत, म्हणून उघडली थेट 1921 मध्ये. दोन्हींना मिळून तीन तास तरी ठेवा. घाई असेल तर ट्रेन सोडा, हे नको.

पार्किंगचे सुट्टे पैसे घरून न्या, बाहेर एकाने माझे उरलेले दिलेच नाहीत, वर ‘नंतर घ्या’ म्हणे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गर्दीचा कापला.

आणि हो, बाहेर पडल्यावर शेव-उसळ खायचीच, फक्त पाहुण्यांसाठी तर्री (वरचा तेलकट रस्सा) वेगळ्या वाटीत मागा, तिखट असते.