घरून कामासाठी डेस्कटॉप की लॅपटॉप? आधी घरची वीज बघा

काम पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं आणि मुक्काम बेळगाव, खानापूर नाहीतर निपाणीत, अशी मुलं-मुली आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मशीन घ्यायची वेळ आली की चर्चा प्रोसेसर आणि रॅमची होते. माझ्या मते आपल्या भागात पहिला प्रश्न विजेचा आहे.

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे राहून काम करणार असाल तर लॅपटॉपच घ्या. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाइन दुरुस्त होईपर्यंत इलाज नसतो. चांगल्या बॅटरीवर चार-पाच तास निघतात, आणि अगदीच अडलं तर लॅपटॉप पिशवीत टाकून बेळगावात पाहुण्यांच्या घरी जाऊन बसता येतं. मळ्यात घर असून वीज शेतीच्या फीडरवरची (शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या लाइनवरची) असेल तर तिथेही हेच. फक्त राउटरला वेगळा छोटा यूपीएस (वीज जाताच बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणारा डबा) घ्यायला विसरू नका. लॅपटॉप चालू आणि इंटरनेट बंद, अशाने मीटिंग व्हायची नाही.

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळसारख्या भागात, घरात इन्व्हर्टर असेल आणि रोज एकाच टेबलावर आठ-नऊ तास बसायचं असेल, तर माझा कौल डेस्कटॉपला. तेवढ्याच पैशात मशीन जास्त दमदार मिळतं. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला तर तेवढाच बदलायचा, रॅम कमी पडली तर वाढवायची. लॅपटॉपमध्ये मदरबोर्डला काही झालं की खर्चही मोठा आणि मशीन हातात यायला दिवसही जातात.

पण डेस्कटॉपच्या किमतीत यूपीएस धरूनच हिशोब करा. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभराच्या खंडातही मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. १५० एएच क्षमतेची बॅटरी चांगली असेल तर एक पंखा, दिवा आणि डेस्कटॉप मिळून चार-पाच तास निभतात.

आता बिलाचं. मॉनिटरसह साधारण १०० वॉट घेणारा डेस्कटॉप रोज नऊ तास, महिन्यात २५ दिवस चालला तर साडेबावीस युनिट होतात. ४० वॉटच्या लॅपटॉपला नऊ युनिट. एरवी हा फरक किरकोळ, पण आपल्याकडे २०२३ पासून कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना आहे. तिच्यात मागच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून प्रत्येक घराची मोफत युनिटची मर्यादा ठरते. मर्यादेवरच्या युनिटचे पैसे लागतात, आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला तर सगळंच बिल भरावं लागतं. घर आधीच काठावर असेल तर हे साडेतेरा युनिट जड जातात. मशीन घेण्याआधी हेस्कॉमची (आपल्या वीज कंपनीची) मागची चार-सहा बिलं काढून बघाच.

वडगाव, खासबागेत ज्यांच्या घरात माग आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. सुताचा भुगा पंख्याच्या पात्यांवर बसतो, हळूहळू त्याचा नमदा होतो आणि मशीन तापून मंद पडतं. डेस्कटॉपची बाजू दोन स्क्रू काढून उघडता येते, ब्लोअर मारला की झालं. लॅपटॉपचा बारीक पंखा साफ करायला खालचं सगळं कव्हर काढावं लागतं. अशा घरात मी डेस्कटॉपच सुचवेन.

जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच उचलू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदाराला पिढी विचारा, आणि ‘आय५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आय५ बारा वर्षांपूर्वीचाही असतो.

कंपनीनेच लॅपटॉप दिला असेल तर दुसरं मशीन घेण्यात अर्थ नाही. २२ किंवा २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडा. दिवसभर खाली मान घालून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं की मान धरतेच, तो त्रास यानं बराच वाचतो. मराठी-कन्नड दोन्ही टाइप करत असाल तर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिकून घ्या. दोन्ही भाषांत ‘क’ एकाच बटणावर आहे, बोटांना वेगळी सवय लावावी लागत नाही.

आणि एप्रिल-मे मध्ये वळीव गडगडायला लागला की मशीन कुठलंही असो, पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरच्या अडॅप्टरचीही काढा. लॅपटॉपवाल्यांनी तेवढा वेळ बॅटरीवर काम करावं. डेस्कटॉपवाल्यांनी पाऊस ओसरेपर्यंत थांबावं, आणि तसं टीमला आधीच कळवून ठेवावं.