नेकची जाडी, ट्रस रॉड आणि पुण्याचा पावसाळा : मागणीनुसार बनवून घेतलेल्या टेलिकास्टर धाटणीच्या गिटारचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत हाती आलेली माझी गिटार १९५२ च्या टेलिकास्टरच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारच्या, धर्तीची आहे. पिवळसर बटरस्कॉच रंग, काळा पिकगार्ड, मेपलच्या एकाच तुकड्यातून घडवलेला नेक (गिटारचा दांडा) आणि ब्रिजवर पितळेची तीन सॅडल्स (तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे), असे तिचे रूप. परदेशातील एका लहान कार्यशाळेने ती मागणीनुसार बनवली. तयार व्हायला पाच महिने लागले, आणि वाहतूक, सीमाशुल्क व कर यांचा हिशेब वेगळा मांडावा लागला. मागणीपत्रात तीसेक रकाने होते आणि बहुतेकांत एकच प्रश्न फिरून फिरून विचारलेला होता : हे जुन्यासारखे हवे की आजच्यासारखे? पुण्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर आता दिसते ते असे, की जे रकाने मी हाताला विचारून भरले ते बरोबर ठरले, आणि जे छायाचित्रे पाहून भरले त्यांनी त्रास दिला.

सर्वांत जास्त वेळ मी नेकच्या रकान्यावर घालवला आणि तो सत्कारणी लागला. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचे नेक जाडजूड, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे असत. दशकाच्या मध्यानंतर त्यांच्या पाठीला ‘व्ही’सारखी हलकी धार आली, आणि साठच्या दशकात ते बारीक व गोलसर झाले. ही अक्षरे वाचून काहीच कळत नाही. म्हणून मी ओळखीच्या तीन वादकांच्या गिटारी मागून घेतल्या, प्रत्येक अर्धा-पाऊण तास वाजवली आणि हाताला सर्वांत निवांत वाटलेल्या नेकची जाडी पहिल्या व बाराव्या फ्रेटपाशी (नेकवरील धातूच्या आडव्या पट्टीपाशी) व्हर्नियर कॅलिपरने मोजली. ती अनुक्रमे २२.५ आणि २४.५ मिलिमीटर भरली, आणि तेच आकडे मी मागणीपत्रात लिहिले. तेवढ्यावर भागत नाही, कारण जाडी तीच असली तरी नेकच्या दोन्ही खांद्यांवरचे लाकूड किती काढले आहे यावर पकड बदलते. ‘खांदे उतरते ठेवावेत’ हे एक वाक्य मी शेवटच्या क्षणी जोडले, आणि आज दोन-दोन तास बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या सुरावली) धरूनही अंगठा दुखत नाही याचे निम्मे श्रेय मी त्या वाक्याला देतो.

फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकच्या दर्शनी पृष्ठभागाच्या, गोलाईत मात्र मी जुन्याचा हट्ट सोडला. मूळ गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची. साध्या कॉर्डसाठी ती सुखाची आहे, पण तारा खाली बसवून वरच्या फ्रेट्सवर मोठा बेंड घेतला, म्हणजे सूर चढवायला तार बाजूला ताणली, की तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. मी ९.५ इंच निवडले आणि फ्रेट्स अरुंदच, पण किंचित उंच मागितले. पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. वाजवणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतो.

आता ज्याचा पश्चात्ताप होतो त्या रकान्याबद्दल. जुन्या नेकमध्ये ट्रस रॉडचा (नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईचा) स्क्रू नेकच्या बॉडीकडील टोकाला, खाचेत दडलेला असतो, तर आजच्या बहुतेक गिटारींत तो डोक्याकडून फिरवता येतो. डोक्यावरचे ते छिद्र मला जुन्या रूपाशी विसंगत वाटले, म्हणून मी मूळ पद्धत निवडली. मेपर्यंत काही जाणवले नाही. जुलैत हवा दमट झाली, नेकने पुढे बाक घेतला आणि बाराव्या फ्रेटपाशी तारा चांगल्याच उंचावल्या. उपाय पाव फेऱ्याचा होता. पण त्यासाठी तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, नेक उचलायचा, अंदाजाने फिरवायचे, पुन्हा सगळे जोडून सूर लावायचे आणि अंदाज चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची. पावसाळ्यात हे मी तीनदा केले, आणि ऑक्टोबरच्या उन्हात केलेले सगळे पुन्हा उलटे फिरवले. लाकडातले स्क्रू वारंवार काढल्याने त्यांची पकड ढिली होते, ही काळजी वेगळीच. जिथे वर्षातून दोनदा हवा अशी पालटते, तिथे हा पर्याय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. नेकच्या त्याच टोकाला बाहेरून फिरवता येणारे छोटे दातेरी चाक बसवून देणारे कारागीर आहेत, आणि माझ्या मागणीपत्रातही तो पर्याय होता. मी तो वाचलाही होता.

नायट्रोसेल्युलोज लॅकर या जुन्या पद्धतीच्या पारदर्शक रोगणाबद्दल माझे मन अजून दुभंगलेले आहे. बॉडीवर त्याचा पातळ थर फार देखणा दिसतो आणि पॉलियुरेथेनसारखा प्लॅस्टिकचा भास होत नाही. पण चकचकीत नेकवर घामेजलेला तळहात एप्रिल-मेमध्ये अक्षरशः चिकटत असे. अखेर अतिशय बारीक कृत्रिम घासणीने मी नेकची पाठ निस्तेज करून घेतली. पोलादी लोकर वापरली नाही, कारण तिचा कीस पिकअपच्या (तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतो. शिवाय स्टँडच्या रबराशी हे लॅकर रासायनिक प्रक्रिया करून मऊ पडते, म्हणून घरातल्या स्टँडला सुती कापड गुंडाळले आहे. मुद्दाम ओरखडे पाडून जुनी भासवण्याचा पर्यायही होता. त्यासाठी जादा पैसे मोजणे मला पटले नाही. ओरखडे माझे मी पाडीन.

लाकडाच्या बाबतीत मी फक्त वजनावर बोट ठेवले : बॉडी ॲश नावाच्या लाकडाची, आणि पूर्ण गिटार ३.४ किलोपेक्षा जड नको. हलके ॲश आता सहज मिळत नाही. त्या झाडांना पोखरणाऱ्या किड्यामुळे आणि पुरांमुळे पुरवठा इतका आटला की २०२० मध्ये फेंडरनेही नियमित उत्पादनातील ॲशचा वापर बराच कमी केल्याचे जाहीर केले. माझ्या पाच महिन्यांपैकी दोन त्या फळीची वाट पाहण्यातच गेले. गिटार ३.३ किलोची आली, खांद्याला ती जाणवत नाही, तेव्हा तक्रार नाही.

सॅडल्सचा निर्णय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा ठरला. तीन सॅडल्सवर सहा तारा, म्हणजे दोन तारांमागे एकच लांबी. ही रचना झाली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली असे. आजच्या साध्या तिसऱ्या तारेला ती लांबी जुळत नाही आणि वर गेल्यावर सूर हलतो. मी कोन देऊन कापलेली पितळी सॅडल्स मागितली. ती दुरून जुन्यासारखीच दिसतात आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर कानाला खटकत नाही.

वायरिंगमध्ये तर मूळ पद्धत नाकारायला क्षणही लागला नाही. १९५२ नंतरच्या जोडणीत स्विचची एक जागा केवळ दबक्या, बोथट आवाजासाठी राखलेली होती आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नसत. ती सोय १९६७ मध्ये आली. मला मधली जागाच सर्वांत जास्त लागते. तिथे दोन पिकअपच्या वेटोळ्यांची दिशा परस्परविरुद्ध मागितल्यामुळे आपल्या विजेची ५० हर्ट्झची घुरघुरही दबते. एकेकटा पिकअप लावला की ती येतेच, विशेषतः ट्यूबलाइटखाली.

सप्टेंबरअखेर मी त्याच कार्यशाळेला दुसऱ्या नेकची किंमत विचारली. उत्तरासोबत कोरे मागणीपत्र आले. जाडी, खांदे आणि गोलाई मी तीच लिहिली आहे, पाठीसाठी निस्तेज लॅकर मागितले आहे आणि ट्रस रॉडच्या रकान्यात दातेरी चाकावर खूण केली आहे.