जुन्या पिकअपचा सेल्फ: पुन्हा दुरुस्ती, रिकंडिशन की नवा?

चावी फिरवल्यावर नुसते ‘टक्’ होऊन गाडी गप्प बसणे, दुरुस्तीनंतर दोन-चार महिने बरे जाणे आणि मग पुन्हा तेच होणे, हे जुनी डिझेल पिकअप बाळगणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. अशा वेळी मालकापुढे तीन पर्याय असतात: आहे तोच सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) उघडून दुरुस्त करणे, रिकंडिशन केलेला, म्हणजे दुसऱ्याचा जुना पण दुरुस्त करून ठेवलेला सेल्फ बदलून घेणे किंवा नवा बसवणे. मात्र सेल्फचा भाग एकदा बदलूनही तक्रार परत आली असेल, तर संशय आधी सेल्फच्या बाहेर घ्यावा, असे माझे मत आहे.

हे मत आमच्याच गाडीने शिकवले. टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे नारायणगावच्या बाजाराला निघायचे आणि गाडी धक्क्यावर सुरू करायची, असे बरेच दिवस चालले. दीड वर्षात एकदा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) आणि एकदा सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच) बदलून झाला. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवली. वरून बोल्ट घट्ट होता, पट्टी हाताने हलतही नव्हती. पण काढल्यावर लगची (पट्टीच्या टोकाच्या कडीची) खालची बाजू हिरवट-काळी निघाली आणि चासीवर तेवढ्याच आकाराचा गंजाचा डाग दिसला.

अशा जोडणीचा दोष मल्टिमीटरने तार जोडलेली आहे का हे पाहताना होणाऱ्या ‘बीप’वर सापडत नाही, कारण त्या चाचणीत तारेतून प्रवाह जवळपास वाहतच नाही. सेल्फ मात्र इंजिन फिरवताना २०० अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. जोडणीत केवळ ०.००५ ओहमचा रोध असला, तरी २०० अँपिअरला तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो. उरलेल्या कमी व्होल्टेजवर सेल्फ रेंगाळतो, चालक चावी अधिक वेळ धरून ठेवतो आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळत राहतात. म्हणजे बदललेला भाग खराब होता हे खरे, पण तो कशामुळे खराब झाला हे तसेच राहते.

म्हणून मोजणी सेल्फ मारत असतानाच करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात फ्यूएल-स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या भागाची) वायर काढावी, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असावेत, १२.४ च्या खाली असल्यास ती आधी चार्ज करावी. सेल्फ फिरताना बॅटरीवर ९.६ पेक्षा कमी दिसू नये. बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉक यांत ०.२ व्होल्टपेक्षा, तर पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळल्यास केबल, लग आणि अर्थिंग साफ केल्याशिवाय सेल्फला हात लावू नये. खात्रीची दुसरी बॅटरी लावूनही व्होल्टेज कोसळत असेल, तर सेल्फ आतून जड झाला आहे. बुश (आधाराच्या कड्या) झिजून आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) घासत असल्याचा हा नेहमीचा प्रकार, आणि गाडी तापल्यावर तो अधिक जाणवतो.

मीटर हाताशी नसल्यास हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझण्याइतके मंदावले तर बॅटरी, तिची जोडणी किंवा जड झालेला सेल्फ. दिवे तसेच प्रखर राहून ‘टक्’ एवढेच झाले तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन किंवा इंजिनाची अर्थिंग. सेल्फच्या अंगावर हलके ठोकल्यावर गाडी लागत असेल, तर कार्बन संपत आले आहेत असे धरून चालावे.

मोजणीत बाहेरचे सर्व ठीक निघाले, तरच तीन पर्यायांची तुलना करण्यात अर्थ आहे. कार्बन, बुश, सोलेनॉइड किंवा बेंडिक्स (सेल्फचा छोटा गिअर पुढे सरकवून इंजिनाला जोडणारा भाग) एवढ्यावर काम भागत असेल आणि आर्मेचर शाबूत असेल, तर दुरुस्ती सर्वांत स्वस्त पडते आणि मूळ सेल्फ आपल्याच गाडीत राहतो. मात्र बुश न बदलता नुसते कार्बन घालणे ही अर्धी दुरुस्ती होय. आर्मेचरचा कम्युटेटर (कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) जळून खोलगट झाला असेल किंवा सेल्फच्या बॉडीचे पुढचे तोंड तडकले असेल, तर नव्याचाच विचार करावा. नवा घेताना पिनियनचे (सेल्फच्या टोकावरच्या छोट्या गिअरचे) दात आणि फिरण्याची दिशा जुन्याशी पडताळावी. गिअर रिडक्शनचा (मोटरचा वेग आतल्या गिअरने कमी करणारा) सेल्फ बसत असेल तर तो वजनाला हलका असतो आणि कमी प्रवाहात इंजिन फिरवतो.

रिकंडिशनचा मोठा फायदा वेळेचा: गाडी त्याच दिवशी रस्त्यावर येते. पण आत कोणाचे आर्मेचर आहे हे कळत नाही, म्हणून लेखी वॉरंटीशिवाय मी तो घेणार नाही.

एक बिघाड मात्र तिन्ही पर्यायांना दाद देत नाही. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन ठिकाणीच थांबते, त्यामुळे फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंग गिअरचे, म्हणजे सेल्फ ज्यात अडकतो त्या कड्याचे, दात तिथेच झिजतात. कधी खरखर, कधी व्यवस्थित, आणि गाडी गिअरमध्ये जराशी ढकलल्यावर सेल्फ लगेच लागणे, ही त्याची खूण. रिंग गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट बदलण्याचे काम जवळ आले असेल तर दोन्ही कामे एकदमच करून घ्यावीत.