कोल्हापुरातील पोलिश पाहुण्यांचा दौरा आणि एका राजशिष्टाचार नियोजन सेवेचा अनुभव

आमच्या स्थानिक इतिहास मंडळाने गेल्या हिवाळ्यात पोलंडच्या दूतावासातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांना सपत्नीक कोल्हापूरला निमंत्रित केले होते, आणि त्या एका दिवसाच्या दौऱ्याचा कार्यक्रम व राजशिष्टाचार सांभाळण्यासाठी पुण्यातील एका व्यावसायिक सेवेची मदत घेतली होती. मंडळाची कार्यवाह या नात्याने पत्रव्यवहारापासून निरोपापर्यंत सगळ्यात माझा सहभाग होता. सेवेचे नाव येथे देत नाही. अशा सेवेकडून काय हक्काने मागावे आणि कोणती गोष्ट तिच्यावर सोपवू नये, हे अशाच दौऱ्याच्या तयारीत असलेल्या संस्थांना कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पाहुणे पोलंडचेच का, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड ताब्यात घेतल्यावर तेथील असंख्य कुटुंबांना सायबेरियाकडे हद्दपार केले गेले. 1941 नंतर सुटका झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले, आणि त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, बहुतांश स्त्रिया आणि मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित वसले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आणि ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश कबरी ही त्या पाच वर्षांची शहरातील खूण आहे. तिकडे वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. त्यामुळे हा दौरा आमच्यासाठी नुसता मानपानाचा कार्यक्रम नव्हता.

सेवेचे शुल्क एक लाख दहा हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर असे ठरले. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला ही रक्कम जड होती, आणि कार्यकारिणीत त्यावरून दोन बैठका गाजल्या. करारात पूर्वपाहणी, मिनिट टू मिनिट कार्यक्रम, शासकीय कार्यालयांशी पत्रव्यवहार, आसनव्यवस्था, ध्वज, वाहने आणि दौऱ्याच्या दिवशी दोन समन्वयक एवढ्या बाबी होत्या. निवासी उपजिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक यांच्या कार्यालयांना द्यायची पत्रे, विमान रद्द झाले तर बेळगाव विमानतळावर उतरवून रस्त्याने आणण्याची पर्यायी सोय, पाहुण्यांना चालणारे-न चालणारे पदार्थ विचारणारा तक्ता, हे सारे काम त्यांनी वेळेत आणि नीट केले. त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लिहिण्यासारखे आहे ते बारकाव्यांविषयी, कारण पैसे खऱ्या अर्थाने तेथे वसूल झाले. आम्ही तयार केलेल्या निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात सरसकट ‘महामहिम’ असे छापले होते. सेवेच्या संचालकांनी, जे स्वतः शासकीय नोकरीतून निवृत्त झालेले आहेत, पहिल्याच बैठकीत सांगितले की हे संबोधन दूतावासाच्या प्रमुखासाठी, म्हणजे राजदूतासाठी असते. इतर अधिकाऱ्यांना ते लावले तर आदर वाढत नाही, उलट वाचणाऱ्या पाहुण्यालाच अवघडल्यासारखे होते. मोटारीवरच्या ध्वजाचेही तसेच झाले. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने भाड्याच्या इनोव्हाच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना छोटे ध्वज बसवून घेतले होते. आपल्या 2002 च्या ध्वजसंहितेनुसार मोटारीवर तिरंगा लावण्याचा अधिकार ठरावीक पदांवरील व्यक्तींनाच असतो. परदेशी मान्यवर शासनाने दिलेल्या मोटारीतून जात असतील तर तिरंगा उजवीकडे आणि त्यांचा ध्वज डावीकडे असतो. 1961 च्या व्हिएन्ना करारानेही वाहनावर ध्वज लावण्याचा हक्क दूतावासाच्या प्रमुखाला दिलेला आहे. आमचे पाहुणे दूतावासाचे प्रमुख नव्हते आणि मोटारही शासनाची नव्हती. संचालकांनी त्या मुलाला बाजूला घेऊन हे समजावले आणि त्याच्याच हातून ध्वज उतरवून, घडी घालून ठेवून घेतले. चारचौघांत त्याला काही बोलले नाहीत, ही गोष्ट मला फार भावली.

व्यासपीठावरच्या ध्वजांची गोष्ट याहून गंभीर होती. टेबलावर ठेवायचे 150 बाय 100 मिलिमीटरचे ध्वज आम्ही स्थानिक छपाईवाल्याकडून करून घेतले होते. आदल्या रात्री सगळे साहित्य मांडून तपासण्याचा आग्रह सेवेने धरला, तेव्हा पोलंडच्या ध्वजात लाल पट्टा वर आणि पांढरा खाली आहे, हे त्यांच्या समन्वयक ताईंच्या लक्षात आले. पोलंडच्या ध्वजात पांढरा वर असतो. उलटा केला की तो इंडोनेशियाचा होतो, मोनॅकोचाही होतो. आमच्यापैकी चौघांनी ते ध्वज हाताळले होते आणि एकालाही ते दिसले नव्हते. सकाळपर्यंत नवे ध्वज आले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. तिरंग्याचे लांबी-उंचीचे प्रमाण तीनास दोन, तर पोलंडच्या ध्वजाचे आठास पाच आहे. त्यामुळे दोन्ही एकाच कापडमापाचे न करता उंची सारखी ठेवून लांबी ज्याच्या त्याच्या प्रमाणाप्रमाणे ठेवावी. तिरंगा मात्र संहितेप्रमाणे उजव्या टोकाला, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांना तो डावीकडे दिसेल असा हवा. ही ‘उजवी बाजू कोणाची’ ही गफलत आपल्याकडच्या किती समारंभांत होते, हे आता कुठेही गेले तरी मला दिसते.

फुलांच्या बाबतीत तर आम्ही मोठ्या चुकीच्या अगदी जवळ जाऊन परतलो. कोल्हापुरात स्वागत म्हटले की शेवंतीचा हार आलाच, आणि आम्ही पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे हार सांगून ठेवले होते. पोलंडमध्ये शेवंती हे कबरीवर वाहण्याचे फूल आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्व संतांच्या दिवशी तेथील दफनभूमी शेवंतीने भरून जातात. भेटीच्या पुष्पगुच्छातील फुले तेथे विषम संख्येत देतात, सम संख्या अंत्यविधीसाठी राखलेली असते. हे समजल्यावर स्वागतासाठी अकरा गुलाबांचे गुच्छ केले, आणि शेवंती फेकून न देता दफनभूमीत नेली. तेथे काचेच्या झाकणाचे दिवेही सेवेने आणून ठेवले होते, कारण पोलिश माणसे कबरीवर तसाच दिवा लावतात. पाहुण्यांच्या पत्नीने कबरीपाशी शेवंतीची परडी पाहिली आणि कोणाला हे सुचले असे मला विचारले. उत्तर देताना मी सेवेचे नाव घेतले, आणि ते योग्यच होते.

उच्चारांचा कागद हे त्यांचे आणखी एक उत्तम काम. सूत्रसंचालकासाठी सर्व पोलिश नावे इंग्रजी स्पेलिंगवरून न लिहिता, दूतावासाकडून उच्चार ऐकून घेऊन देवनागरीत लिहिली होती. सोबत छोटी टीप होती की पोलिशमधील आडवी रेघ असलेला ‘एल’ हा ‘व’सारखा उच्चारतात, आणि पतीचे आडनाव कोवालस्की असेल तर पत्नीचे कोवालस्का होते. देवनागरीत उच्चार इतका नेमका उतरतो की सूत्रसंचालक एकदाही अडखळला नाही. शाळेतल्या मुलींनी ‘ज्येन दोब्री’ म्हणून नमस्कार केला तेव्हा पाहुणे चालता चालता थांबले आणि त्यांनी तोच नमस्कार प्रत्येकीला वेगळा केला.

आता तक्रारीकडे येते. ती एकच आहे, पण लहान नाही.

मिनिट टू मिनिट कार्यक्रमात विमानतळावरील स्वागताला पंधरा मिनिटे, सभागृहातील सत्कार आणि भाषणांना सत्तर मिनिटे, भोजनाला एक तास, वळिवड्याला वीस मिनिटे आणि दफनभूमीला दहा मिनिटे दिलेली होती. मसुदा आमच्याकडे आला तेव्हा मी या आकड्यांवर बोट ठेवायला हवे होते. पण आसनक्रमात कोणते लोकप्रतिनिधी कोणाच्या शेजारी बसणार याच चर्चेत आमची संध्याकाळ गेली. सेवेचे म्हणणे असे होते की दफनभूमीत पुष्पचक्र, दिवा आणि एक मिनिट स्तब्धता एवढाच विधी असतो आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. विधीला पुरतात हे खरे आहे. परंतु ज्या देशाची माणसे त्या मातीत आहेत, त्या देशाचा प्रतिनिधी विधी उरकून मोटारीकडे वळत नाही. तो प्रत्येक नाव वाचतो. आमच्या पाहुण्यांनी तेच केले. ते एकेका दगडापाशी वाकून जन्माचे आणि मृत्यूचे साल पाहत होते, आणि एका कबरीवरची दोन साले इतकी जवळ होती की ते बराच वेळ तेथून हलले नाहीत. त्या वेळी समन्वयकांपैकी एक जण फाटकापाशी उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत मला खुणावत होता. ती खूण पाहुण्यांनी पाहिली. ते घाईने सरळ झाले आणि त्यांनी माझी क्षमा मागितली. त्यांच्याच माणसांच्या कबरींपाशी, आमच्या शहरात, त्यांना क्षमा मागावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

वळिवड्यातही तेच घडले. त्या परिसरातल्या, नव्वदीला टेकलेल्या एक आजी लहानपणी वडिलांबरोबर छावणीत दूध घालायला जात. आम्ही त्यांना आवर्जून आणले होते, पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नोंद ‘उपस्थित ज्येष्ठ नागरिक’ एवढीच होती, खुर्ची तिसऱ्या रांगेत होती, आणि दुभाषी नेमलेलाच नव्हता, कारण पाहुण्यांना इंग्रजी येते म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला असे सेवेने गृहीत धरले होते. पाहुणे स्वतः चालत आजींपाशी गेले आणि त्यांच्यासमोर गुडघा टेकून बसले. मी मध्ये बसून दोन्हीकडचे सांगू लागले. आजी म्हणाल्या, “त्या बाया मला मावा म्हनायच्या बघ. आमी दूधवालं, मला वाटायचं खवाच मागत्यात ह्या. म्या रोज बाला सांगायची, उद्या खवा आना त्यांच्यासाटनं.” मी ते इंग्रजीत सांगताना ‘मावा’ हा शब्द तसाच ठेवला, आणि पाहुण्यांच्या पत्नीने दोन्ही हात तोंडावर नेले. पोलिशमध्ये ‘मावा’ म्हणजे छोटी, चिमुकली. उच्चारांच्या कागदावरचा तो आडव्या रेघेचा ‘एल’ या शब्दात होता. ऐंशी वर्षे आजी समजत होत्या की त्या बायका खवा मागत होत्या, आणि आपल्याला तो कधी देता आला नाही. मी त्यांना अर्थ सांगितला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पाहुण्यांच्या पत्नीचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटे झाली, पुढचा चहापानाचा कार्यक्रम आम्ही रद्द केला, आणि त्याबद्दल एक मान्यवर आमच्यावर अजून नाराज आहेत.

दौऱ्यानंतर मी हे सारे संचालकांना सविस्तर पत्राने कळवले. त्यांचे उत्तर चार दिवसांत आले. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. दफनभूमीतील वर्तनाबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, आणि दुभाष्याची बाब तपासणीच्या यादीत कायमची घातल्याचे कळवले. मात्र वेळेच्या वाटपाबद्दल त्यांचे मत बदललेले नाही. ठरलेली वेळ पाळणे हाच पाहुण्यांचा खरा मान, कारण पुढच्या ठिकाणी थांबलेल्या माणसांनाही मान असतो, असे ते लिहितात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझे उत्तर असे की मग वेळ ठरवतानाच ती दौऱ्याच्या हेतूला पाहून ठरवावी आणि सत्काराची भाषणे निम्म्यावर आणावीत. आमच्या सत्तर मिनिटांच्या समारंभातले, शाल-श्रीफळ आणि फेट्यासह, कोणालाही आज काही आठवत नाही.

पुढच्या वर्षी वळिवड्याच्या छावणीत लहानपण गेलेल्या एका बाईंचे कुटुंब पोलंडहून येणार आहे, आणि मी याच सेवेला पुन्हा बोलवावे असे कार्यकारिणीला सुचवले आहे. ध्वज, संबोधने, फुले, उच्चार आणि पत्रव्यवहार त्यांच्याकडे निर्धास्तपणे सोपवावेत. करारात या वेळी तीन कलमे वाढवली आहेत: दफनभूमीसाठी एक तास आणि त्या तासात समन्वयकांनी फाटकाबाहेर थांबावे, मराठी आणि पोलिश दोन्ही येणारा दुभाषी, आणि आजींची खुर्ची पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी. आजींनी निरोप पाठवला आहे की यंदा त्या खवा घेऊन येणार आहेत.