ज्युनोकॅमची कच्ची चित्रं: गुरूवरचे गडगडाटी ढग जवळून बघायचे तर

गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या ज्युनो यानावरच्या ज्युनोकॅम या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं मोहिमेच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. गुरूवरच्या वादळांसाठी याहून चांगलं भांडार नाही. यान ढगांच्या अगदी जवळ असतं तेव्हा एका पिक्सेलमध्ये जेमतेम 3 किलोमीटर येतात, त्यामुळे 50 किलोमीटरचे उसळून वर आलेले पांढरे ढगसुद्धा सुटे ओळखू येतात. दिवस-रात्रीच्या सीमेजवळचं चित्र निवडा; तिथे या ढगांची सावली पडते आणि उंची कळते.

तयार चित्रांवर मात्र थांबू नका, बारकावे कच्च्या फाइलमध्येच आहेत. ती उघडली की 1648 पिक्सेल रुंद आणि 128 ओळी उंच अशा निळ्या, हिरव्या, लाल पट्ट्यांची लांबच लांब उतरंड दिसते. यान मिनिटाला सुमारे दोनदा स्वतःभोवती फिरतं आणि कॅमेरा त्या फिरण्यातच पट्टी-पट्टीने चित्र टिपतो. दोन टिपण्यांमध्ये साधारण 0.37 सेकंद जातात, तेवढ्यात यान साडेचार अंश वळलेलं असतं. म्हणून तिन्ही रंग नुसते एकावर एक ठेवले तर ढगांच्या कडांना रंगीत झालर येते. सोबतच्या माहिती-फाइलमधली वेळ घेऊन प्रत्येक पट्टी गुरूच्या गोलावर बसवावी लागते. त्याआधी आणखी एक काम: प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाची 12 बिटांची मूळ नोंद 8 बिटांत दाबलेली असते, ती दाबताना वापरलेल्या तक्त्यानुसार उलगडा. हे राहिलं की रंग फिके येतात, आणि नवशिके उगाच कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात. इथे संकेतस्थळ कमी पडतं, पायरी-पायरीने शिकवणारं मार्गदर्शन हवं होतं.

मिथेनच्या फिल्टरमधून टिपलेली चित्रं वेगळी असतात. 889 नॅनोमीटरला मिथेन प्रकाश शोषतो, म्हणून त्यात उंच ढग उजळ आणि खोलवरचे काळपट दिसतात. वादळाचा माथा शोधायला हीच घ्या.

प्रत्यक्ष वीज दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, ती क्वचितच सापडते. 30 डिसेंबर 2020 च्या, गुरूजवळून जाणाऱ्या 31व्या फेरीत उत्तर ध्रुवाजवळच्या भोवऱ्यात हिरवट ठिपका मिळाला, तो तसा एक अपवाद.

सुरुवात 47व्या फेरीआधीच्या चित्रांपासून करा. त्यानंतर गुरूच्या किरणोत्साराने कॅमेऱ्यात दोष वाढत गेला आणि 56व्या फेरीची जवळपास सगळी चित्रं खराब आली. दोष घालवण्यासाठी कॅमेरा तापवल्यावर डिसेंबर 2023 अखेरीस तो बराच सुधारला, पण आधीचा नितळपणा हवा असेल तर जुन्या फेऱ्याच उतरवा.