‘ग्लो’ समजून विकत घेतलेला धुरकटपणा

ज्युपिटर-९, ८५ मिमी, एफ/२. पोर्ट्रेट काढणारं कुणीही जुन्या लेन्सच्या नादी लागलं की आज ना उद्या या नावापाशी येतंच. सोव्हिएत बनावटीची, झाइस या जर्मन कंपनीच्या सॉनार रचनेवरून उतरवलेली. अपर्चरला, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राला, तब्बल १५ पाती, त्यामुळे छिद्र लहान केलं तरी गोलच राहतं आणि मागच्या दिव्यांना कोपरे फुटत नाहीत. पूर्ण उघडी ठेवली की चेहऱ्यावर मऊसर तेज येतं. मला तेच तेज हवं होतं, आणि विकणाऱ्यानं ते अचूक ओळखलं.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९५० च्या आसपासची, आत जर्मन काच, नुकतीच सर्व्हिस केलेली.’ काळपट लाकडी टेबलावर ठेवलेल्या लेन्सचे चार फोटो, काचेवरच्या कोटिंगची जांभळी झाक अशी खुलवलेली की बघत राहावं. शिवाय याच लेन्सनं काढलेली म्हणून सहा पोर्ट्रेट. सगळी माणसं खिडकीकडे पाठ करून बसलेली, सगळे फोटो एफ/२ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून. छिद्र लहान करून, एफ/८ वर काढलेला एकही नाही, हे मला तेव्हा खटकलं नाही.

मी अगदीच भोळी नाही. टॉर्च मारून व्हिडिओ मागितला. ‘लगेच पाठवतो ताई,’ म्हणाला आणि दहा मिनिटांत पाठवलाही. त्यात टॉर्च समोरून मारलेला होता आणि चित्रणही समोरूनच. असं केलं की पुढच्या काचेची चमक तेवढी दिसते, आत काय चाललंय ते कळत नाही. उजेड मागच्या बाजूनं घालायचा, अपर्चर पूर्ण उघडायचं आणि पुढून जरा तिरकं बघायचं; मग धुरकटपणा, बुरशी, ओरखडे, जे असेल ते दिसतं. हे मला माहीत होतं, हो! पण घ्यायचं मनात ठरलेलं असलं की माणूस दुसरा व्हिडिओ मागत नाही. पैसे पाठवून मोकळी झाले.

लेन्स आली. अडॅप्टर लावून पहिला फोटो आत्याचा काढला, खिडकीपाशी बसवून. पांढऱ्या केसांभोवती उजेडाचं वलय, गालावरच्या सुरकुत्या विरघळल्यासारख्या. आत्या म्हणाली, ‘मला दहा वर्षांनी लहान केलंस गं.’ मी इतकी हरखले की त्याच रात्री विक्रेत्याला पाच तारे देऊन, चार ओळी कौतुकाच्या लिहून वर तो फोटोही जोडला.

आठवडाभरानं भाचा आणि त्याचा मित्र समोर उभे होते. दोघेही फोकसमध्ये यावेत म्हणून छिद्र एफ/८ वर आणलं. फोटो पाहते तर काळे शर्ट राखाडी, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर तोच पांढरट पडदा.

खरी मेख इथे आहे. चांगल्या जुन्या लेन्सचं जे तेज असतं ते गोलीय विपथनातून येतं, म्हणजे भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी न जुळता थोडे पुढे-मागे जुळतात. छिद्र लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि तेज ओसरतं, एफ/५.६ वर तीच लेन्स लख्ख चित्र देते. धुरकटपणाचं तसं नाही. काचेवर बसलेला थर सगळीकडेच उजेड विखुरतो, छिद्र कितीही आवळा, पडदा हटत नाही. एफ/२ वर मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, विशेषतः पाठीमागून उजेड असेल तर. त्याचे सहाही नमुने का तसे होते ते आता कळलं. तुम्ही विकत घेणार असाल तर तोच चेहरा, तोच उजेड, एक फोटो एफ/२ वर आणि एक एफ/८ वर मागा. जो द्यायला कुरकुर करेल त्याला नमस्कार करा.

त्या रात्री अखेर टॉर्च मागून घातला. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तसा आतल्या काचेवर थर होता, आणि कडेला बुरशीचे तीन-चार धागे, कोळ्याचं जाळं सुटावं तसे. पात्यांवर तेल चमकत होतं. मागची कडी ज्या खाचांत अवजार घालून फिरवतात त्या खाचांभोवतीचा काळा रंग उडून पिवळं धातू उघडं पडलं होतं. कुणीतरी योग्य अवजाराशिवाय ती उघडली होती. हीच ती ‘सर्व्हिस’!

पुढच्या कडीवरचा नंबरही तेव्हाच नीट वाचला. जाहिरातीतल्या चारही फोटोंत नेमकी तीच बाजू सावलीत होती. सोव्हिएत लेन्सच्या नंबराचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. माझ्या लेन्सचे होते ८३. शेजारी ‘एमसी’, म्हणजे अनेक थरांचं कोटिंग, ते १९५० च्या लेन्सवर कुठून येणार? युद्धानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जर्मनीहून नेलेली काच अशा लेन्समध्ये वापरली गेली हे खरं, म्हणूनच ही थाप पचते.

आणखी एक शंका होती. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवलं आणि तिवईवरून फोटो काढला. पानाच्या उजवीकडची अक्षरं धूसर. कॅमेरा उलटा करून पुन्हा काढला, तर पानाची धूसर बाजू डावीकडे गेली. भिंत किंवा पान तिरकं असतं तर ती जागची हलली नसती. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी उघडून पाहिलं आणि सांगितलं, आतला भिंगांचा गट तिरका बसवलाय. तेलकट थर पुसता येईल, तिरपेपणाही निघेल, पण बुरशीनं खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. लेन्सला दोष देऊ नका म्हणाले, धड असलेली ज्युपिटर फार गोड असते. ते मलाही मान्य आहे.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘ताई, जुनी काच आहे, कॅरेक्टर असणारच. आणि तुम्हीच तर पाच तारे दिलेत.’ दुसऱ्या निरोपाला उत्तर नाही. तिसरा पोचलाच नाही, त्यानं मला ब्लॉक केलं होतं. दिलेले तारे मागे घ्यायची सोय तिथे नाही.

हे लिहायला बसले त्याचं कारण परवाचं आहे. मैत्रिणीनं हेलिऑस ४४-२ या दुसऱ्या एका जुन्या सोव्हिएत लेन्सची जाहिरात पाठवली, ‘घेऊ का?’ म्हणून. विक्रेत्याचं नाव वेगळं, पण टेबल तेच, काळपट लाकडाचं. नमुन्याच्या फोटोंत तिसरा फोटो एका म्हातारीचा आहे, खिडकीपाशी बसलेली, पांढऱ्या केसांभोवती वलय, डाव्या खांद्यावर शाल घसरलेली. तो तुम्हाला कुठे दिसला तर सांगून ठेवते, तो हेलिऑसनं काढलेला नाही. ती माझी आत्या आहे.