दोषी केबल निघाली राव, आणि मी सहा महिने लिनक्सला शिव्या घालत होतो

सांगलीत लिनक्सवाला पीसी कुणी हातात घेतं का म्हणून मी बरंच हिंडलोय, तेव्हा हे लिहून ठेवतो. गणपती पेठेतल्या एका बोळात, जिना चढून वर, एक पोरगा एकटाच बसतो. दुकानाला बोर्ड नाही, खाली चप्पल दिसली तर आहे समजायचं.

पीसी जुना, तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि 11 ह्यात बसत नाही, म्हणून भाच्यानं आधीच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलेलं. रोजचं काम झकास, ब्राउझर, हिशोबाच्या शीट, काही अडत नाही. पण अपडेट लावलं की अर्ध्यात गचकलं! माउसचा बाण फिरतोय पण क्लिक काही होत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ 11:42 ला थांबलंय ते थांबलंयच आणि कॅबिनेटवरची डिस्कची लाल लाइट न मिचकता नुसती पेटलेली. मग काय, बटण दाबून धरायचं, आणि पुन्हा चालू केलं की अपडेट अर्धवट राहिलंय म्हणून ते बोंबलणार.

आधी एका मोठ्या दुकानात नेला होता, नाव नको. तिथं झाकण पण न उघडता सांगितलं, साहेब लिनक्सचं असंच असतंय, एसएसडी घ्या विंडोज टाकतो, साडेचार हजार. उचलून घरी आणला.

ह्या पोरानं पहिला प्रश्न विचारला, "काका, पुरात भिजलेला का?" नाही बाबा, 2019 ला माळ्यावर नेऊन ठेवलेला. मग त्यानं माझ्यासमोरच एक टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून डीमेसेजची कमांड चालू ठेवली, कर्नलचे म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे निरोप दाखवते ती, आणि दुसऱ्यात अपडेट सोडलं. मी म्हटलं लॉग नंतर बघता येतो की, भाचा तसाच बघायचा आणि त्याला काही सापडायचं नाही. तर म्हणाला, "डिस्कच अडकल्यावर लॉग लिहिणार कुठं? जे दिसायचं ते आत्ता स्क्रीनवरच दिसणार." आणि दोन मिनिटांत दिसलं, लाल ओळींची रांग, हार्ड रिसेटिंग लिंक, हार्ड रिसेटिंग लिंक. म्हणजे मदरबोर्ड डिस्कला हाका मारतोय आणि ती ओ देत नाही.

मग त्यानं डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढला. खराब सेक्टर शून्य, पण 199 नंबरच्या ओळीत, सीआरसी एरर म्हणे, 1846. डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, म्हणून आधी केबलवर संशय घ्यायचा. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल काढून दाखवली तर डिस्कच्या मागं पार चेपलेली, वर लॉकची क्लिप पण नाही, माळ्यावर चढवताना-उतरवताना झालं असणार.

मग रोज कसं चालायचं, हे मी विचारलंच. तर ब्राउझर बराचसा रॅमवर भागवतो, आणि अपडेटमध्ये डीपीकेजी, म्हणजे प्रोग्राम बसवणारं टूल, हजारो बारक्या फायली टाकतं आणि डिस्कवर खरंच लिहिलं गेलं का ते सारखं तपासून घेत पुढं सरकतं, म्हणून कमजोर केबल तिथंच पकडली जाते. "अपडेटनं होत नाय काका, अपडेट चालू असताना होतंय." एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर.

केबल बदलली, पेनड्राइव्हवरनंच लिनक्स चालू करून डिस्क तपासली, जुन्या कर्नलवर बूट करून अर्धवट राहिलेलं अपडेट 'डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए' ह्या कमांडनं पूर्ण केलं. केबलचे 120, तपासणीचे 250.

तक्रारी पण सांगतो. फोन उचलत नाही म्हणजे नाहीच, उद्या म्हणाला आणि तीन दिवस लावले, बसायला एकच स्टूल आणि त्यावर कुणाचा तरी प्रिंटर, आणि बॅकअप घेत नाही म्हणून मला चारचौघांत झापलं. गुडघे दुखत असतील त्यांनी त्या जिन्यावर सीपीयू घेऊन चढू नये, खालनं हाक मारा, येतो तो.

1846 हा आकडा खाली येत नसतो, वाढायचा थांबला की झालं, असं त्यानं सांगितलेलं. घरी आल्यापासून तीन अपडेट झालीत, त्यातलं एक कर्नलचं. आज सकाळी बघितला, 1846.